मनीचा वाफसा

आमच्या समोरच्या आबांएवढी दुसऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात झाला नसेल आणि पुढेही होणार नाही. स्वतःच्या पोटाबद्दल माणसं बोलतात, ते समजू शकतं. साठीनंतर तर पुष्कळांना दुसरा विषयच उरत नाही. आबा मात्र पंच्याहत्तरी ओलांडेपर्यंत स्वतःच्या पोटाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, आणि मग एका मांजरीच्या पोटाबद्दल असे काही बोलायला लागले की म्हसावदच्या आमच्या गल्लीत सकाळचा चहा सुखानं घशाखाली उतरेना. चहाची बशी तोंडाला लावावी आणि ओट्यावर आबा हजर. आज झाली की नाही, झाली तर किती, कशी, कोणत्या रंगाची, सगळं तपशीलवार. मी शाळेत मास्तरीण असल्यामुळे मला लिहितावाचता येतं, आणि म्हणून मला ते सगळं नीट समजतं, असा त्यांचा ठाम समज होता. त्यामुळे सर्वात मोठा अहवाल माझ्याच दारात सादर व्हायचा.

आबांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या उजव्या मुठीपासून सुरुवात करायला हवी. केळी, पपई, कापूस, मिरची असं सगळं पिकवलेला हा माणूस. शेताला पाणी दिल्यावर माती एका टप्प्याला अशी येते की ती चिखल नसते आणि कोरडीही नसते. तिला वाफसा म्हणतात. मुठीत माती घेऊन दाबायची. गोळा झाला पाहिजे, आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. आबांच्या तोंडी त्याचं वापसा व्हायचं. जन्मभर मातीची अशी परीक्षा घेऊन घेऊन त्यांचा जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मुठीत दाबल्याशिवाय विश्वास बसेनासा झाला होता. कणीक दाबायचे, कापूस दाबायचे, वाळत घातलेलं धोतर दाबायचे, पतपेढीत गेले तर बसण्याआधी खुर्चीची गादी दाबायचे. एका दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन गेले तर माझा बेसनाचा लाडू त्यांनी उचलला, दाबला, बोटानं टोचला, आणि परत ताटात ठेवून म्हणाले, "ताई, आजून दोन दिन ऱ्हावू द्या. वापसा नही उना." आता एवढ्या मेहनतीनं केलेल्या लाडवाचा हा पंचनामा कुणाला सहन होईल? मी तोंडावर बोलले नाही, पण पुढची दोन वर्षं त्यांच्याकडे फक्त चकल्या पाठवल्या.

मांजर मुळात आबांची नव्हतीच. ती आक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची. करड्या रंगाची, एका कानाला खाच पडलेली, आणि स्वभावानं थेट आबांसारखी, म्हणजे कुणाचं ऐकायचं नाही. तिला नाव नव्हतं. आक्का तिला "वं माय, ये" एवढंच म्हणायच्या आणि ती यायची. आबांचं नि तिचं उभं वैर. "तुन्ही मांजर मन्हा खाटवर बठनी शे, उठाड तिले!" ही आरोळी आम्ही समोरून वर्षानुवर्षं ऐकली. मग आक्का गेल्या. मुलगा सुरतेला, तो दहा दिवस राहून बापाला न्यायला लागला तर आबा हलेनात. घरात ते आणि ती मांजर, दोघंच. कुणी विचारलं की आबा तातडीनं खुलासा करायचे, "मन्ही नही. तिनी शे. मी नुसता सांभाळस." आक्का जाऊन वर्ष झालं तरी हा खुलासा चालूच. सांभाळणं म्हणजे काय, तर सकाळी एक भाकरी थापायची, दुधात कुस्करून अर्धी तिला, अर्धी आपल्याला, की दिवसभर चूल बंद. माणूस अर्धा झाला होता. मी डबा पाठवायचे, तो तसाच्या तसा परत यायचा.

आणि एके दिवशी सकाळी शाळेला निघताना आबा माझ्या दारात उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, ती बठस, जोर करस, पन काही व्हत नही. तीन दिन झायात."

 मला वाटलं सून आली आहे सुरतेहून आणि तीच अडली आहे. मी म्हटलं, "कोण, आबा?"

"ती."

"अहो, ती म्हणजे कोण?"

"आते ती म्हंजे कोन! घरमा दुसरं शे कोन?" आबा माझ्यावरच चिडले.

तर ती ही ती, मांजर. मातीच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसत होती, पाठ कमानीसारखी करून जोर करत होती, आणि ओरडून उठत होती. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि औषध न सुचणारा माणूस आमच्या गल्लीत जन्मालाच आलेला नाही. एकीनं एरंडेल सांगितलं, दुसऱ्यानं साबणाची कांडी, तिसऱ्यानं गरम दूध. आबांनी स्वतःच्या अकलेनं दुधावर चमचाभर इसबगोल भुरभुरवून तिच्यापुढे ठेवलं. तिनं वरवरचा कोरडा भुसा तेवढा चाटला, दूध तसंच ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पोट आणखी कडक. आबांनी तिचं पोट दाबून पाहिलं, अर्थातच. मग तिनं त्यांच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. त्या रेघा मला दाखवत ते म्हणाले, "ताई, जनावरना दवाखानामा जावानं. तुम्ही मास्तरीन शेतस. दवाखानानी मराठी तुम्हले येस. तुम्ही बोला."

केळी भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये मांजर, त्यावर दुसरं कॅरेट उलटं, आणि दोन्ही सुतळीनं बांधलेली, अशा थाटात आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. पुढे तीन म्हशी, एक लंगडणारा बैल आणि सहा शेळ्या. शेळीवाला आबांकडे बघून फिदीफिदी हसला, "आबा, दूध कितलं देस हाई?" आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एरवी त्या माणसाचं काही खरं नव्हतं. डॉक्टरीणबाई तरणी, सातारकडची, कामाला चटपटीत. तिनं केसपेपर पुढे ओढला आणि मान वर न करताच विचारलं, "मांजर कुणाची?"

मी सांगणार होते, की यांच्या दिवंगत पत्नीची. पण आबा आधीच वाकले होते, कॅरेटच्या भोकातून एक पंजा बाहेर आला होता आणि तो त्यांनी दोन बोटांत धरला होता. घसा खाकरून ते म्हणाले, "मन्ही."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आक्का गेल्यापासून पहिल्यांदा हा शब्द मी त्यांच्या तोंडून 'नही'शिवाय ऐकत होते. डॉक्टरीणबाईंना बिचारीला आमच्या अहिराणीत 'मन्ही' म्हणजे 'माझी' हे काय ठाऊक! तिला वाटलं, म्हातारबाबा मांजरीचं नाव सांगताहेत. तिनं कागदावर ठळक अक्षरात लिहिलं: मनी. आणि लगेच हाक मारली, "हं, मनीला इकडं टेबलावर घ्या." आबा गोंधळले. कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं. अशा रीतीनं आठ-नऊ वर्षांच्या त्या मांजरीचं बारसं सरकारी दवाखान्यात, शेळ्यांच्या साक्षीनं पार पडलं.

रक्त तपासायला नंदुरबारला गेलं आणि तीन दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. मनीची किडनी अधू झाली आहे, जुनं दुखणं आहे. किडनी पाणी धरून ठेवत नाही, अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जातं, मग शरीर आतड्यातलं पाणी ओढून घेतं आणि मळ दगडासारखा होतो. "किडनी पहिल्यासारखी होणार नाही, आबा," ती म्हणाली, "पण पोट साफ राहिलं आणि ती खात राहिली, तर तिचे दिवस सुखाचे जातील."

"कितला दिन?" आबांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. महिने जातील, कदाचित वर्षंही. सगळं खाण्यावर आणि पाण्यावर आहे."

आबा कागदाची घडी घालत राहिले. घालायचे, उलगडायचे, परत घालायचे. त्या घरात बोलायला मनीशिवाय दुसरं जिवंत कुणी उरलं नव्हतं, आणि तिचंही आता खाण्यापाण्यावर येऊन ठेपलं होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण वाईट वाटायला आबा वेळ देतील तर ना! डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगायला सुरुवात केली आणि यांनी हुज्जत घालायला. एरंडेल नाही, दूध नाही, सुकट बोंबील नाही, त्यात मीठ फार. मासा किंवा कोंबडी नुसती उकडून, कुस्करून, कोमट पाण्यात पातळ करून द्यायची. कांदा-लसूण मांजरीला विष, त्याचा वाससुद्धा नको. मीठ नाही, तेल नाही, मिरची नाही.

"थोडीशी बी मिरची नही?" आबांचा आवाजच बसला. "रंगपुरती?"

"रंगापुरतीसुद्धा नाही."

"बाई, आसं जेवन आम्ही पाव्हनाले बी देत नहीत!"

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला, ज्याच्या अंगणात जन्मभर लाल मिरची वाळली, त्याला मिरचीवाचून रांधायला सांगणं म्हणजे काय, हे त्या सातारच्या मुलीला कसं कळावं! शिवाय तिनं भोपळा सांगितला, रोज चमचाभर शिजवून. आबा आठवडाभर दुधी उकडून घालत राहिले आणि मनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहीना. पुढच्या खेपेला उलगडा झाला की बाईंना लाल भोपळा म्हणायचं होतं. "मंग डांगर सांगा ना!" आबा गरजले. "भोपया म्हंता आन डांगर मांगता!" इसबगोल चालेल, पण चिमूटभर, पूर्ण भिजवून फुगवून, आणि पोटात भरपूर पाणी जात असेल तरच, कोरडं दिलं तर ते आतलंच पाणी शोषून बसतं. हे ऐकल्यावर आबांनी कानाची पाळी धरली. सोबत एक गोड औषध दिलं होतं, तेही मोजूनमापून.

खरी अडचण पाण्याची. मनी पाणी पीत नव्हती. आबांनी घरात नि ओट्यावर मिळून अकरा भांडी मांडली: वाटी, परात, आक्कांचा तांब्या, केळीच्या रोपाची कुंडीसुद्धा. मनी त्या सगळ्यांना वळसा घालून माझ्या दारात यायची आणि बादलीत नळाचा थेंब पडत असे तिथं जीभ लावायची. मी हे आबांना सांगितलं. ते येऊन उकिडवे बसले आणि थेंबाकडे, मग मांजरीकडे, मग परत थेंबाकडे बघत राहिले. एकदम मांडीवर थाप मारून उठले. "आते समजनं! ताई, हाई तं ठिबक शे! एकदम पाट सोडाना नही. थेंब थेंब, पन दिनभर!"

दुपारपर्यंत केळीच्या बागेतली ठिबकची नळी घरात आली. छपरावरच्या टाकीपासून भिंतीनं उतरत उतरत चुलीजवळच्या वाटीपर्यंत, आणि टोकाला थेंब थेंब सोडणारा ड्रीपर. पहिल्या दिवशी आबा ती बंद करायला विसरले आणि स्वयंपाकघरात केळी लावता येतील एवढं पाणी साचलं. पण मनी प्यायली. ड्रीपरखाली मान तिरपी करून प्यायली. तिथून आबांना सगळं पथ्यच उमगलं. जेवणही ठिबकनं. दोन वेळ पोटभर नाही, तर सहा वेळ थोडं थोडं, दर वेळी पाण्यात सैल केलेलं. मुलानं सुरतेहून किडनीच्या मांजरांचं खास खाणं पाठवलं होतं. ते पहिल्या दिवशी मनीनं हुंगून, फरशी खरवडून, जणू मातीखाली गाडून टाकलं. आबा खचले नाहीत. "नवं खत एकदम टाकतस का?" म्हणत माशाच्या पाण्यात आज नखाएवढं, उद्या दोन नखं असं करत महिनाभरात त्यांनी ते तिच्या गळी उतरवलं. या चिकाटीनं त्यांनी आपली मुलं वाढवली असती तर ती कलेक्टर झाली असती, असं मी एकदा म्हणाले. त्यावर आबा शांतपणे म्हणाले, "पोरं आक्कानी वाढाई. मी वावरमा व्हतू." मला माझी जीभ चावावीशी वाटली.

आणि मग सुरू झाले ते अहवाल. मातीच्या परातीत मनीची सोय केली होती, तिथं रोज सकाळी काडी घेऊन परीक्षा. मुठीत दाबत नव्हते, हे गल्लीचं नशीब. "कडक शे आज. पानी कमी पडनं." "पातय शे. डांगर जास्त व्हयनं." आणि सगळं जमून आलं की चेहऱ्यावर समाधान घेऊन एकच शब्द, "वापसा." हळूहळू गल्लीच्या तोंडी तो शब्द बसला. कुणाच्या घरी तान्हं मूल असो नाहीतर म्हातारी, "काय, वापसा शे ना?" ही विचारपूस सुरू झाली.

कळस झाला तो शाळेत. पाच दिवस मनीचं पोट पुन्हा अडलं होतं, डॉक्टरीणबाईंनी एनिमा दिला होता आणि आबांनी अन्न टाकलं होतं. त्याच दिवशी केंद्रप्रमुख शाळा तपासायला आलेले. चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले. मी फळ्यावर अपूर्णांक मांडत होते आणि फाटकातून आबांची आरोळी आली, "ताई! झायी वं ताई! झायी!"

 केंद्रप्रमुख हसत उभे राहिले. "अभिनंदन मॅडम. मुलगी झाली का? कुणाला?"

मी म्हटलं, "नाही सर, मांजर आहे."

"अरे वा! किती पिल्लं?"

 तेवढ्यात आबा धापा टाकत दारात पोचले आणि केंद्रप्रमुखांना त्यांनी स्वतःच सांगितलं, रंगासकट. त्या माणसाचं मन मोठं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तपासणीच्या शेऱ्यात 'शाळेचा गावाशी उत्तम संपर्क आहे' असं लिहून गेले.

हसता हसता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. समोरच्या घरातून आता सकाळी धूर निघायचा, दुपारी निघायचा, संध्याकाळी निघायचा. मनीसाठी सहा वेळा चूल पेटत होती, आणि पेटलेली चूल वाया कशी घालवायची म्हणून आबा स्वतःसाठीही काहीतरी टाकत होते. तिला वास लागू नये म्हणून त्यांनी घरात ठेचा कुटणं सोडलं. बिनमिरचीचं डांगर तेही खायला लागले. मला पटत नव्हतं, पण त्यांच्या अंगावर मांस दिसायला लागलं. मुलगा न्यायला आला की म्हणायचे, "तिले सोडीसन कसा येऊ?" एकदा गेलेही सुरतेला, मनीला माझ्याकडे सोपवून, तीन पानी सूचना माझ्याकडूनच लिहून घेऊन. गेले त्याच दिवशीच्या बसनं परत आले. "तठे करमत नही" एवढंच कारण.

असं त्यांनी तिला दोन हिवाळे आणि एक उन्हाळा काढून दिला. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीला मनी वाळत गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आबा, तुमच्याकडून काही राहिलं नाही. गुरुवारी सकाळी तिनं थोडं माशाचं पाणी घेतलं, मातीत जाऊन आली, आणि आबांच्या खाटेवर चढून झोपली. मग उठली नाही. आबा माझ्या दारात आले तेव्हा त्यांच्या हातात काडी नव्हती. "गयी, ताई," म्हणाले. "पोट साफ व्हतं. तरास नही व्हयना." मी रडले. मी, जिला मांजरं कधी आवडली नाहीत.

त्यानंतर आठ-दहा दिवस समोरून धूर दिसला नाही. माझ्या मनात नको नको ते येत होतं. मी रोज डबा घेऊन जायचे, समोर बसायचे, दोन घास त्यांनी खाल्ले की परत यायचे. अशीच एका दुपारी बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन नेहमी मोठ्या आवाजावर. कोरीट गावाहून एक बाई बोलत होती. तिच्या मांजरीला हेच दुखणं, डॉक्टरीणबाईंनी आबांचा नंबर दिला होता. बाई रडवेली. चार दिवस झाले, मांजर बसते, जोर करते.

आबा आधी नुसते हं हं करत होते. मग सरळ बसले. "एरंडेल दिधं का? नको देऊ. इसबगोल कोरडं नको. आदी डाक्टरकडे जाईसन पोट मोकयं करी ये, मंग मी सांगस ते खावाले दे. तुन्हाकडे ठिबक शे का? शे ना? मंग झायं." अर्धा तास बोलले. भांडी किती, पाणी कसं, मासा कसा कुस्करायचा, सगळं. बाईचा आवाज जरा सावरला. ती म्हणाली, "आबा, आन तुम्हनी मांजर कशी शे आते?"

 आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बरी शे माय," ते म्हणाले. "आते तिले काहीच तरास नही."

"तं मन्ही बी बरी व्हई ना?"

"व्हई," आबा म्हणाले. "घरमा डांगर शे का? शे? शिजाले ठेव. मी थांबस फोनवर."